पेन्सिलीची नोंद

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी ब्लॉगवर आलोय. मधल्या काळात दोन-तीन नातेवाइकांनी आणि एका ब्लॉगर मित्राने विचारलं, "अण्णांच्या चोपड्यांचं पुढे काय झालं? लिहिणार होतास ना?" लिहिणार होतो. पण लिहायचं म्हणजे आपल्याच घरातली फजिती सांगायची, आणि त्यातून मी पडलो आयटीवाला. लाज वाटत होती. आता सांगूनच टाकतो.

तर झालं असं. आमच्या आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, रोह्याला बाजारपेठेत धान्याचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, पण हिशेबाच्या लाल चोपड्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. अण्णा त्यात नुसता हिशेब लिहीत नसत. समासात बारीक अक्षरात काहीबाही टिपत. कुंडलिकेला पूर आला, धाविर महाराजांची पालखी किती वाजता दारात आली, कोणाकडे मुलगी झाली. रोह्याच्या चुलतभावाने, दादाने, लॉकडाऊनमध्ये या सगळ्या चोपड्या एकेक पान उलटून स्कॅन केल्या. दीड महिना खपला बिचारा.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येणार हे आदल्या दिवसापासून टीव्हीवर चालू होतं. दादाने सकाळी विचार केला, ऑफिसचा लॅपटॉप भरत आलाय, वादळाच्या आत स्कॅन केलेलं सगळं घरातल्या नेटवर्क स्टोरेजच्या डब्यात टाकून ठेवू. हा डबा त्याला मीच घ्यायला लावला होता. कपाटावर ठेवलेला, आत दोन डिस्क, वायफायवरून कुठूनही फाईल टाकता येते असा. दादाने फोल्डर निवडला आणि कॉपी करण्याऐवजी कट-पेस्ट केलं. हिरवी पट्टी सरकत होती. अकराच्या सुमारास वीज गेली. दुपारी वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, आणि पुढच्या दोन तासांत आमच्या घराची निम्मी कौलं उडाली. माळ्यावर पाऊस शिरला. ट्रंकेत पाणी साचलं.

वीज आली ती पंधराव्या दिवशी. डबा सुरू केला. तोवर ट्रंकेतल्या चोपड्यांचा लगदा झाला होता. पाने सुटी होत नव्हती, शाई पसरून सगळं निळं-जांभळं. म्हणजे आता काय ते डब्यात! दादाने फोल्डर उघडला. फाईलींची नावं सगळी ओळीने हजर. जवळपास सगळ्या उघडल्या. पण शेवटच्या एकसष्ट उघडेनात. नाव आहे, आकार शून्य. आणि वीज गेली तेव्हा जायच्या राहिलेल्या फाईली? त्या लॅपटॉपमध्येच सुखरूप होत्या. म्हणजे आधीचं डब्यात, नंतरचं लॅपटॉपमध्ये, आणि मधलं कुठेच नाही.

दादाने मला फोन केला. "अरे, पट्टी पुढे गेली होती रे. फाईल गेली असं त्याने दाखवलं, म्हणून तर इथली पुसली गेली ना?" मी काय बोलणार? कारण मला माहीत होतं. ठाऊक असूनही त्याला आधी सांगितलं नव्हतं, हे माझं दुखणं.

कारण असं. लॅपटॉपने फाईल वायफायवरून डब्याकडे पाठवली. डब्याने ती घेतली आणि "मिळाली" असा निरोप दिला. पण त्याने ती डिस्कवर लिहिली नव्हती, स्वतःच्या मेमरीत ठेवली होती. डिस्कवर लिहिणं हे सावकाशीचं काम, म्हणून थोडं साठवायचं आणि मग एकदम लिहायचं. या साठवणीला राईट कॅश म्हणतात. वीज गेली की मेमरी कोरी होते. आमच्या डब्यात आतून लिनक्स चालतं. त्यात डिस्कवर जायची वाट बघणारा मजकूर साधारण तीस सेकंद असा राहू शकतो. स्कॅनची एक फाईल चार एमबीची आणि आमच्या वायफायचा वेग सेकंदाला आठ एमबी. गुणाकार-भागाकार करा, साठच्या आसपास फाईली येतात. एकसष्ट!

हे तीस सेकंद आले कुठून, याचा शोध घेता घेता मी बराच मागे गेलो. तो इतिहास मला आवडला, म्हणून इथे मांडतोय. कंटाळा आला तर सरळ शेवटच्या दोन परिच्छेदांवर जा, तिथे तुमच्याकडे एक काम आहे :)

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. तिचं यंत्र रॅमॅक. एकावर एक पन्नास तबकड्या, प्रत्येक दोन फूट व्यासाची, आणि एवढ्या पसाऱ्यात सुमारे पन्नास लाख अक्षरं मावायची. हव्या त्या जागी पोचायला तिच्या हाताला सरासरी सहाशे मिलिसेकंद लागत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. माणसाला हे झटपट वाटेल, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात तो अर्धा सेकंद म्हणजे एसटीची वाट बघत घालवलेली दुपार. तेव्हापासून कॉम्प्युटरवाल्यांची सगळी धडपड ही वाट बघणं टाळण्याची. कॅश हा शब्द या धंद्यात रुळला तो १९६८ च्या सुमारास, आयबीएमच्या सिस्टम/३६० मॉडेल ८५ या यंत्रामुळे. तिथे तो प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीसाठी होता. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणे. आपल्याला कॅश म्हटलं की गल्ला आठवतो. असो.

पुढे १९७० च्या दशकात बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. त्यात डिस्कवर जायचा मजकूर आधी मेमरीत साठायचा आणि दर तीस सेकंदांनी एक छोटा प्रोग्रॅम उठून "चला, आता सगळं लिहून काढा" असा हुकूम सोडायचा. हेच ते तीस सेकंद! त्या हुकुमाचं नाव सिंक. मशीन बंद करण्याआधी सिंक तीनदा टाईप करायचं, अशी जुन्या ऑपरेटर लोकांची रीत होती. तीनदा का? तर पहिल्या हुकुमाने काम सुरू होतं, पण ते संपायच्या आधीच तो परत येतो. पुढचे दोन टाईप करण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात डिस्कचं लिहून होतं. म्हणजे मंत्राचा गुण मंत्रात नव्हता, म्हणायला लागणाऱ्या वेळात होता.

मग आलं नेटवर्क. सन कंपनीने १९८५ साली नेटवर्क फाईल सिस्टम म्हणजे एनएफएस बाजारात आणली. तिचा नियम मात्र कडक होता. सर्व्हरने "लिहिलं" असं उत्तर द्यायचं ते मजकूर डिस्कसारख्या पक्क्या जागी गेल्यावरच. वीज गेली तरी पुसला जाणार नाही अशी जागा. १९८९ साली छापलेल्या तिच्या नियमावलीत हे स्पष्ट आहे. नियम चांगला, पण काम फार हळू. मग पळवाटा निघाल्या. कुणी बॅटरी लावलेली मेमरी बसवली, तो प्रामाणिक मार्ग. कुणी नियमच शिथिल केला. सर्व्हर मेमरीत घेऊनच "लिहिलं" म्हणायला लागला. वेग वाढला, गिऱ्हाईक खूष. वीज जाईपर्यंत.

इथवर वाचलं होतं तेव्हा मी पेणला मामांकडे गेलो होतो. मामा निवृत्त तलाठी. मिरगुंडं आणि चहा समोर, आणि माझी ही कहाणी चालू. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, मग यात नवीन काय? आम्ही सातबाऱ्यावर पेन्सिलीने लिहायचो ते कशाला?"

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. जमीन कोणाच्या नावावर, त्यावर कोणाचा काय हक्क, हे गावोगाव लिहून ठेवायची पद्धत तिथून पक्की झाली. आज चालतो तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चा कायदा, पण गाभा तोच. समजा पेण तालुक्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कुणी शेत विकलं. घेणारा तलाठ्याकडे खबर देतो. तलाठी काय करतो? तो लगेच सातबारा बदलत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घालतो. तिला क्रमांक मिळतो. त्याची वर्दी देणाऱ्याला पोच मिळते. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लावली जाते, हरकतीला पंधरा दिवस. या काळात सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा उल्लेख असायचा, पण पेन्सिलीने. मग मंडळ अधिकारी, गावच्या भाषेत सर्कल साहेब, येऊन नोंद तपासायचे, ती प्रमाणित करायचे, आणि मगच पेन्सिलीच्या जागी शाई यायची. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत, निकाल लागेपर्यंत पेन्सिल तशीच.

"पोच मिळाली म्हणजे शेत नावावर झालं असं समजून कितीतरी लोक निवांत घरी जायचे," मामा म्हणाले. "मी सांगायचो, बाबा, ही पोच आहे, सातबारा नाही. जुने कागद जपून ठेव. शाईचा उतारा हातात येईपर्यंत काहीही फाडू नकोस."

मी चहाचा कप खाली ठेवला. दादाने जे केलं ते नेमकं हेच होतं. पोच मिळाली आणि जुना कागद फाडला.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरवालेही फिरून फिरून मामांच्या पद्धतीवरच आले. एनएफएसची तिसरी आवृत्ती १९९५ साली आली. तिच्यात लिहिण्याचे दोन टप्पे केले. पहिल्या टप्प्यात सर्व्हर म्हणतो, "मिळालं, पण अजून कच्चं आहे." नंतर पाठवणारा विचारतो, "आता पक्कं कर." पक्कं झालं असं उत्तर येईपर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत सोडायची नाही. शिवाय प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हर एक खूण देतो. मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर ती खूण बदलते. खूण बदललेली दिसली की पाठवणारा समजतो, कच्चं होतं ते गेलं, आणि पुन्हा पाठवतो. पेन्सिल, शाई, आणि मधल्या काळात जुना कागद जपणे. तिन्ही गोष्टी आल्या.

डेटाबेसवाल्यांनी तर फेरफार नोंदवहीच उचलली आहे. (अर्थात त्यांना पेणचे तलाठी माहीत नव्हते!) मूळ नोंद बदलण्याआधी काय बदलणार आहोत हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही आधी डिस्कवर पोचवायची. मध्येच काही कोसळलं तर वही वाचून पुढचं काम पुरं करायचं किंवा मागचं रद्द करायचं. ही रीत १९७० च्या दशकापासूनची, पण तिची आज सगळीकडे शिकवली जाणारी मांडणी १९९२ साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या सी. मोहन या आपल्या मद्रास आयआयटीतून शिकलेल्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. तिचं नाव एरीज.

मग आमचा डबा का चुकला? एक तर दादाच्या लॅपटॉपने "पक्कं कर" असं म्हटलंच नाही. घरगुती डबे सहसा वेगळी, विंडोजच्या घराण्यातली पद्धत वापरतात. तिच्यातही पक्कं करण्याची सोय आहे, पण रोजच्या कट-पेस्टमध्ये ती सहसा वापरली जात नाही. आणि दुसरं म्हणजे खालची डिस्कसुद्धा खोटं बोलू शकते. तिच्यातही एक छोटी मेमरी असते, आणि "लिहिलं" असं ती तबकडीवर जायच्या आधीच सांगून मोकळी होते.

जुन्या ब्लॉगर मंडळींना लाईव्हजर्नल आठवत असेल. १४ जानेवारी २००५, आपल्याकडे संक्रांत. अमेरिकेत सिॲटलच्या ज्या डेटा सेंटरमध्ये त्यांची यंत्रं होती, तिथे कुणीतरी आणीबाणीत वीज तोडायचं बटण दाबलं. लाखो ब्लॉग एका क्षणात गप्प. वीज परत आली तरी सगळं सुरळीत व्हायला एक दिवसाहून जास्त लागला. लाईव्हजर्नलचा जनक ब्रॅड फिट्झपॅट्रिक याने त्याच वर्षी एक छोटा प्रोग्रॅम लिहून लोकांना दिला. त्यात दोन यंत्रं लागतात. पहिलं डिस्कवर लिहितं आणि डिस्कने "झालं" म्हटलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या यंत्राला कळवतं. मग पहिल्याचा प्लग उपटायचा! पुन्हा सुरू करून दुसऱ्याच्या यादीशी ताडून बघायचं, डिस्क किती खोटं बोलली ते. म्हणजे लिहिणाऱ्याची तपासणी लिहिणाऱ्याने करायची नाही. सर्कल साहेब वेगळे हवेत.

हे मामांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "तुमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले हे सगळे सांगतात. पण त्याआधी ते रायपूरला सेटलमेंट ऑफिसर होते, हे कुणी सांगत नाही. जमिनीच्या नोंदी तपासून आलेला माणूस. नोटा सांभाळायला असाच हवा."

आता मला सगळ्यात खटकतं ते हे. कॅश असण्यात वाईट काही नाही. अण्णासुद्धा दिवसभर गिऱ्हाइकाच्या गर्दीत खर्ड्यावर पेन्सिलीने टिपत आणि तिन्हीसांजेला दिवा लागला की रोजकीर्दीत शाईने उतरवून काढत. तिथून आठवड्याने खतावणीत, ज्याच्या त्याच्या नावावर. प्रत्येक नोंदीसाठी गल्ल्यावरून उठून चोपडी उघडली असती तर दुकान चाललं नसतं. पण खर्ड्याचं पान ते रोजकीर्द जुळल्याशिवाय फाडत नसत, असं आत्या सांगते. आणि मुख्य म्हणजे पेन्सिल ही पेन्सिलच दिसते. सातबारा हातात घेतलेल्या कुणालाही कळायचं की ही नोंद अजून कच्ची आहे. आमच्या स्क्रीनवरची हिरवी पट्टी दोन्हींसाठी हिरवीच होती. पेन्सिल आणि शाई सारखीच दिसली, आणि त्या सारखेपणावर विसंबून मूळ पुसलं गेलं.

दादाच्या लॅपटॉपवरून फाईली परत काढायचा प्रयत्न केला. त्यात एसएसडी होती आणि पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. काही हाती लागलं नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, उपयोगी पडेल. कट-पेस्ट कधीच नाही, नेहमी कॉपी. कॉपी झाली की डबा रीतसर बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि मग फाईली तिथून परत वाचून मुळाशी ताडायच्या. यासाठी चेकसम नावाची सोय आहे. प्रत्येक फाईलीचा एक आकडा निघतो, दोन्हीकडचा सारखा आला तर मजकूर सारखा. लगेच ताडून उपयोग नाही बरं का, कारण डबा मेमरीतूनच वाचून दाखवेल आणि सगळं छान दिसेल. डब्याला छोटा यूपीएस लावलाय आणि वीज गेली की डबा आपोआप रीतसर बंद होईल अशी जोडणी केली आहे. आणि तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. ती पेणला मामांच्या कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी असते. मूळ पुसायचं ते या सगळ्यानंतर, आणि शक्यतो पुसायचंच नाही.

राहिली ती एकसष्ट पानं. ती १९६७ च्या दिवाळी पाडव्यापासून पुढच्या होळीच्या आसपासपर्यंतची रोजकीर्द आहे. खतावणीचे स्कॅन आधीच डब्यात गेले होते, ते वाचले. त्यामुळे कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, हे सगळं पुन्हा जुळवता आलं. दादाने जुळवलंही. पण खतावणीत रकमा उतरतात, समासातल्या टिपा उतरत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तो रोह्यालाही जाणवला होता. त्या दिवसाच्या पानावर अण्णांनी समासात तीन-चार ओळी लिहिल्या होत्या. आत्याने त्या वाचल्या होत्या. काय होतं विचारलं तर म्हणते, "घरातले सगळे अंगणात आले, आई तेवढी देवघरात थांबली, असं काहीतरी होतं. शब्द नाही आठवत रे." बाबांना त्या पानाचा रंग आठवतो, मजकूर नाही. दादाने ते पान स्कॅन केलं तेव्हा वाचलं नव्हतं, पुढचं पान उलटलं. दीड महिन्यात कोण वाचत बसतो?

तर आता तुमचं काम. २०१९ च्या गणपतीत सगळे रोह्याला जमलो होतो तेव्हा आत्याने ट्रंक उघडून चोपड्या दाखवल्या होत्या. पुष्कळांनी मोबाईलवर फोटो काढले होते. नागपूरच्या ताईने गेल्या महिन्यात असा एक फोटो शोधून पाठवला. १९६८ च्या संक्रांतीचं पान आहे, तिळाचा भाव आणि "आज थंडी फार" एवढंच. तिरका काढलाय, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आहे, पण एकसष्टातलं एक परत आलं. साठ राहिलीत. जुने फोन, जुनी मेमरी कार्डं एकदा बघा. सापडलं तर पाठवा, आणि मी "मिळालं" असं कळवलं तरी लगेच आपल्याकडचं पुसू नका. दोन दिवसांनी मी पुन्हा फोन करेन, मग.